तिथी पाहून रत्नागिरी: चार दिवसांची सावकाश किनाराभ्रमंती

रत्नागिरीच्या आत्याला फोन करून "येतेय गं" म्हटलं की तिचा पहिला प्रश्न असतो, "कुठल्या तिथीला?" मग फोनमधून भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज येतो आणि ती सांगते, "नको, अष्टमी आहे. संध्याकाळी पुळण मिळायची नाही. आठवडाभर थांब, पौर्णिमेला ये." पुळण म्हणजे वाळूचा किनारा. लहानपणी मला हे देवधर्माचं काही वाटायचं. पुढे एकदा मैत्रिणींना घेऊन मी तिला न विचारता गेले. तीन संध्याकाळी आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर पोचलो आणि तिन्ही वेळा पाणी सुरूच्या झाडांपाशी आलेलं होतं. चालायला उरला होता जेमतेम एका माणसाच्या रुंदीचा पट्टा. तेव्हापासून मी आधी तिथी बघते आणि मग तिकीट काढते.

या लेखात रत्नागिरी शहर आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या किनाऱ्यांवर चार दिवस निवांत कसे घालवायचे ते सांगितलंय. 'दोन दिवसांत दहा ठिकाणं' करायची असतील तर ही आखणी तुमच्या कामाची नाही. हिच्यात रोज एकच किनारा आहे, आणि तो पाणी खाली गेलेलं असताना.

आधी तिथी, मग तिकीट

भरती-ओहोटीचा ढोबळ हिशोब कोकणात पाऊणकीने करतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट काढली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, पुन्हा सहा तासांनी भरती, आणि दुसऱ्या दिवशी तेच चक्र सुमारे पाऊण तास पुढे सरकलेलं. हा हिशोब अर्धा-पाऊण तास चुकू शकतो, म्हणून तारखा ठरवायला तो वापरा आणि प्रत्यक्ष निघायच्या आदल्या दिवशी भरतीचं कोष्टक दाखवणारं एखादं ॲप बघून घ्या.

आता अष्टमीचं उदाहरण घ्या. भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला. म्हणजे फिरायच्या दोन्ही चांगल्या वेळी पाणी वर आणि पुळण उघडी पडणार भर दुपारी बारा वाजता, उन्हात. त्यात अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला याच्या उलट. उधाण असतं, पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली जातं, आणि ओहोटी येते संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. सूर्यास्ताला समोर रुंद, ओली, कडक पुळण.

म्हणून माझी आखणी अशी: पौर्णिमेला दुपारपर्यंत पोचायचं आणि तृतीयेला दुपारी निघायचं. पौर्णिमा आणि प्रतिपदेला संध्याकाळची ओहोटी मिळते; द्वितीया-तृतीयेला सकाळची सात ते साडेआठच्या दरम्यानची. चारही दिवस पाणी तुमच्या सोयीने वागतं. अमावास्येलाही हेच गणित लागू आहे, फक्त चंद्र नसतो. आकाशातल्या चांदण्या बघायच्या असतील तर अमावास्याच बरी.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, ओहोटीशी वेळ छान जुळते. मार्च-एप्रिलमध्ये ऊन चढतं, पण ओल्या काजूची उसळ आणि पुढे हापूस त्याच दिवसांत. मे महिन्यात गर्दी असते. पावसाळ्यात रत्नागिरी अतिशय देखणी दिसते, तेव्हा रत्नदुर्ग गडावरून आणि थिबा पॉइंटवरून समुद्र बघा, पुळणीवर उतरू नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. रोज समुद्रात जाणारी माणसं ज्या दिवसांत नौका वर ओढून ठेवतात त्या दिवसांत आपण गुडघाभर पाण्यातही जाऊ नये.

कोकण रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. तेव्हा दोन महिन्यांपुढची पौर्णिमा आजच पाहून ठेवा. रात्रीच्या गाडीने पहाटे पोचण्यापेक्षा दिवसाची गाडी पकडावी, असं माझं स्पष्ट मत आहे. चिपळूणच्या पुढचे बोगदे, मधेच उघडणाऱ्या दऱ्या आणि रत्नागिरीच्या अलीकडचा साडेसहा किलोमीटरांचा करबुड्याचा बोगदा हा प्रवासातला आनंद झोपेत घालवायचा कशाला?

राहायचं कुठे, पिशवीत काय

रेल्वे स्टेशन कुवारबावला, शहरापासून सहाएक किलोमीटर बाहेर. तिथून रिक्षा मिळते, एसटीही. मुक्काम मात्र शहरात करा. मारुती मंदिर ते रामआळीपर्यंतच्या भागात कुठेही राहिलात तरी मांडवी, भाट्ये, किल्ला सगळं रिक्षाच्या टप्प्यात येतं. पुष्कळजण गणपतीपुळ्याला राहतात आणि रत्नागिरी शहर 'वाटेत' बघतात. त्यात शहर निसटतं.

तिसऱ्या आणि चौथ्या दिवसासाठी रिक्षा किंवा गाडी अर्ध्या दिवसाच्या बोलीवर ठरवा. दर आधी ठरवून घ्या आणि 'तिथे थांबायचंय' हे स्पष्ट सांगा. एसटीनेही जाता येतं. ग्रामीण भागातल्या गाड्या रहाटाघर स्टँडवरून सुटतात. परतीच्या गाडीची वेळ कंडक्टरला उतरतानाच विचारून ठेवा.

पायांत मागे पट्टा असलेल्या रबरी चपला. अनवाणी पुळणीवर ठीक, पण खडकावर पाय टाकायचा असेल तर चपला हव्यातच. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. जखम झाली की गोड्या पाण्याने खळखळून धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू नका. याशिवाय टोपी, दोन लिटर पाणी, सुती पंचा, एक रिकामी पिशवी (आपला कचरा परत आणायला), आणि बरोबर मुलं असतील तर एक साधा लोहचुंबक. तो कशाला, ते मांडवीला सांगते.

पौर्णिमेची संध्याकाळ: भाट्ये

गाडीतून उतरून जेवलात, तासभर पडलात की साडेचारला भाट्याला निघा. शहरातून राजिवड्याच्या अंगाने काजळी नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की उजव्या हाताला भाट्याची पुळण सुरू होते. साधारण दीड किलोमीटर लांब, सरळ आणि सपाट. मागे सुरूचं बन आणि त्यामागे नारळ संशोधन केंद्राच्या बागा.

चालायचं खाडीमुखाकडून दक्षिणेला, झरी विनायकाच्या देवळाकडे. खाडीच्या तोंडाशी मात्र पाण्यात पाऊल टाकू नका. ओहोटीला सगळी खाडी त्या एवढ्याशा तोंडातून समुद्रात रिकामी होत असते आणि वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली ओढ जबरदस्त असते. तिथून दोनशे पावलं दूर गेल्यावरच पाण्याच्या कडेला या.

मग हळू चाला. इथे घाईने चालणाऱ्याला काही दिसत नाही. ओहोटी लागून तास-दीड तास झाला की ओल्या वाळूवर बारीक रांगोळी उमटू लागते. मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या वाळूच्या गोळ्या, एका भोकाभोवती किरणांसारख्या मांडलेल्या. हे काम एका खेकड्याचं, तोही नखाएवढा. दोन-तीन हातांवर खाली बसा आणि हलू नका. मिनिटभर काहीच होत नाही. मग भोकातून तो बाहेर येतो, आडवा सरकतो, दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडाकडे ओढतो, त्यातलं खाण्यासारखं चाटून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून पायांखालून मागे टाकतो. पुन्हा एक पाऊल, पुन्हा गोळी. तुमची सावली हलली की भोकात गडप. आमच्या घरातल्या मुलांनी एकदा पाऊण तास हा एकच उद्योग पाहिला होता. भरती आली की सगळी रांगोळी पुसली जाते आणि पुढच्या ओहोटीला पुन्हा शून्यातून सुरू.

झरी विनायकाला पोचेपर्यंत सूर्य खाली आलेला असतो. देवदर्शन करा आणि पुळणीवर परत येऊन बसा. पौर्णिमेला भाट्याला एकाच जागेवरून दोन गोष्टी दिसतात. समोर सूर्य पाण्यात उतरतो आणि जरा वेळाने पाठीमागून, खाडीच्या वरच्या अंगाने, चंद्र वर येतो. अंधार पडल्यावर पुळणीवरून चालत न येता रस्त्याने परता.

एक गोष्ट कळकळीने सांगते. गाडी पुळणीवर उतरवू नका. ओली वाळू कडक वाटते, पण गाडी थांबली की चाकं रुततात, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. गाडी बाहेर काढायला गावातली माणसं धावतात, दोर लावतात, तासन् तास राबतात. शिवाय त्या चाकांखाली वर सांगितलेली सगळी बिळं चिरडली जातात.

प्रतिपदा: शहर, गड आणि काळी वाळू

सकाळी लवकर मिरकरवाडा बंदरावर जा. नौका लागलेल्या असतात, टोपल्या उतरत असतात, बर्फ फुटत असतो आणि लिलावाचे आवाज चाललेले असतात. ही लोकांची कामाची जागा आहे, म्हणून वाट अडवून उभं राहू नका आणि कुणाच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नका. आधी विचारलंत तर बहुतेकजण आनंदाने सांगतात, हा सरंगा, ही सुरमई. मासे घ्यायचे असतील तर बांगड्याचे कल्ले उचलून बघा. आतून लालबुंद हवेत. तपकिरी झाले असतील तर पुढे चला.

मग शहर. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे. 23 जुलै 1856 चा जन्म. उतरत्या छपराचं, ओटीचं हे कोकणी घर आवारातल्या झाडांसह पाहण्यासारखं आहे. तिथून पतितपावन मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना भागोजीशेठ कीर यांनी हे मंदिर बांधलं आणि 1931 साली ते सर्व जातींच्या लोकांसाठी खुलं झालं. ज्या काळात देवळाची पायरी चढणंही कित्येकांना नाकारलं जात होतं त्या काळात इथे सगळ्यांना गाभाऱ्यापर्यंत जाता येत होतं. त्या आवारात मी दर वेळी थोडा वेळ नुसती बसते.

थिबा राजवाड्याला तासभर तरी ठेवा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला 1885 मध्ये इंग्रजांनी पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. बाकीचं सगळं आयुष्य त्याने इथेच काढलं. हा राजवाडा उभा राहिला 1910 साली, म्हणजे राजा इथे येऊन चोवीस वर्षं झाल्यावर. त्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. डिसेंबर 1916 मध्ये तो गेला. राजवाड्यात आता वस्तुसंग्रहालय आहे. सोमवार टाळून जा. लाल चिऱ्याची भव्य इमारत आहे. खिडक्यांवरच्या अर्धवर्तुळाकार लाकडी नक्षीकडे आणि मागच्या बाजूच्या बुद्धमूर्तीकडे नीट बघा. शहरातच शिवाजीनगर भागात राजाची समाधी आहे. डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले. आपल्या राजाच्या थडग्यापाशी यायला त्या देशाच्या प्रमुखाला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

राजवाड्यापासून जवळच थिबा पॉइंट. खाली काजळीची खाडी, भाट्याचा पूल, राजिवड्याच्या होड्या. काल ज्या पुळणीवर चाललात तिथे आत्ता, दुपारी बाराच्या सुमारास, पाणी किती चढलंय ते वरून बघा. भरती-ओहोटी एकदा अशी डोळ्यांनी पाहिली की तिथीचं गणित पाठ करावं लागत नाही.

दुपारी घरगुती खानावळ शोधा आणि जेवा: भाकरी, माशाचं कालवण, भात, सोलकढी. शाकाहारी असाल तर काळ्या वाटाण्याची उसळ किंवा त्या त्या दिवसांतली फणसाची भाजी मागा. उकडीचे मोदक हवे असतील तर सकाळीच सांगून ठेवा. मग झोपा. रत्नागिरीत दुपारी कितीतरी दुकानं बंद असतात, त्याची चीड करू नका.

बरोबर मुलं असतील आणि झोप नको असेल तर सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे. तिथला देवमाशाचा सांगाडा पाहिल्यावर मुलं गप्प होतात.

चारला रत्नदुर्ग. बालेकिल्ल्याच्या दारापर्यंत जवळजवळ रस्ता आहे, पुढे थोड्या पायऱ्या. गड घोड्याच्या नालेच्या आकाराचा, तीन बाजूंनी समुद्र. पेठकिल्ला, दीपगृहाचा डोंगर आणि भगवतीचं देऊळ असलेला बालेकिल्ला असे त्याचे तीन भाग. 1670 मध्ये शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला, पुढे आंग्र्यांच्या ताब्यात होता. भगवतीला नमस्कार करून तटावरून सावकाश फेरी मारा. पश्चिमेला तोंड करून उभं राहिलात की डाव्या हाताला मांडवी आणि पलीकडे भाट्ये, उजव्या हाताला मिऱ्याचा डोंगर आणि पांढरा समुद्र. तटाच्या कडेला सुटे दगड आहेत, मुलांचा हात सोडू नका. थंडीच्या दिवसांत इथे वर बघत राहा. समुद्री गरुड, ज्याला कोकणात काकण म्हणतात, तो पांढऱ्या पोटाचा मोठा पक्षी पंख न हलवता कड्याच्या वाऱ्यावर तरंगताना दिसू शकतो.

गडावरून सूर्यास्त बघायचा की मांडवीला, असा प्रश्न दर वेळी पडतो. प्रतिपदेला मी मांडवीच निवडते, कारण सहा-सव्वासहाला तिथे ओहोटी असते आणि काळी वाळू पूर्ण उघडी पडलेली असते. 'काळा समुद्र' आणि 'पांढरा समुद्र' ही रत्नागिरीकरांची रोजच्या बोलण्यातली नावं, आणि दोघांच्या मध्ये हा गड उभा. काळेपणा मातीचा किंवा घाणीचा नाही. सह्याद्रीच्या खडकातून झिजून आलेल्या इल्मेनाइट, मॅग्नेटाइट अशा जड खनिजांचा तो रंग. लाट मागे जाताना हलकी पांढरी वाळू ओढून नेते आणि जड काळे कण मागे उरतात. आता लोहचुंबक काढा, कागदात गुंडाळा आणि कोरड्या वाळूतून फिरवा. कागदाला काळ्या कणांच्या मिशा फुटतात. कागद काढला की कण गळून पडतात. नुसता चुंबक फिरवलात तर ते घरी जाऊनही निघायचे नाहीत.

मग धक्क्यावर भेळ खात बसा. संध्याकाळी अर्धं शहर इथे येतं. पांढऱ्या समुद्राकडे जायचं असेल तर मुरुगवाड्याच्या बाजूने जाता येतं, पण तिथे किनाऱ्याची खूप धूप झाली आहे आणि बंधाऱ्याचे दगड आहेत. चालायला तो किनारा मी सुचवणार नाही.

द्वितीया: आरे-वारे

सकाळी साडेसहाला निघा. गणपतीपुळ्याला निवळीमार्गे महामार्गाने जाऊ नका, ते अंतर जवळजवळ दुप्पट पडतं. साखरतर, काळबादेवी, बसणी, आरे-वारे हा किनाऱ्याचा रस्ता साधारण पंचवीस किलोमीटरांचा आणि जवळजवळ सगळा देखणा. काळबादेवीला लांबलचक पुळण आहे. तिथे दहा मिनिटं थांबा, चहा घ्या, पुढे चला.

आरे आणि वारे या दोन पुळणी, मधे डोंगराची सोंड आणि तिच्यावरून चढणारा रस्ता. वरच्या वळणावर गाडी कडेला घेऊन खाली पाहिलं की एका नजरेत पुळण, सुरूचं बन आणि डोंगर दिसतो. सगळे तिथे फोटो काढून पुढे निघून जातात. तुम्ही खाली उतरा. सातच्या सुमारास ओहोटी असते आणि पुळणीवर बहुतेक वेळा तुम्ही आणि कुत्री एवढेच. सुरूच्या सावलीतून एका टोकाला जा आणि पाण्याच्या कडेने परत या. दीड तास सहज जातो. सुरूच्या बनात वाऱ्याचा जो आवाज येतो तो लाटांच्या आवाजात मिसळतो. पाच मिनिटं डोळे मिटून बसा आणि दोन्ही वेगळे ऐकू येतात का बघा.

पाण्याबद्दल इथेच बोलायला हवं, कारण आरे-वारेला आणि गणपतीपुळ्याला बुडून माणसं गेली आहेत. त्यातली कितीतरी पोहता येणारी होती. किनारा एकदम खोल होतो आणि आत ओढणारे प्रवाह असतात. असा प्रवाह ओळखायची खूण लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला एक पट्टा सपाट, शांत आहे, त्यातून फेस किंवा गढूळ पाणी आत चाललंय, तर तोच धोक्याचा पट्टा. नेमका तो शांत दिसतो म्हणून लोक तिथे उतरतात. चुकून सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर या, मग लाटांबरोबर आत या. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगा आणि हात वर करून हाका मारा. किनाऱ्यावरच्यांनी पाठोपाठ उडी घेऊ नये. दोर, रिकामा कॅन, जे तरंगतं ते फेका, गावातल्या माणसांना बोलवा आणि 112 ला फोन करा. रुग्णवाहिकेसाठी 108.

माझा स्वतःचा नियम साधा आहे: घोट्यापर्यंत पाणी, आणि तेही ओहोटी पूर्ण होऊन भरती लागल्यावर. पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूत घासत चालते, कारण पाकट हा चपटा मासा वाळूत दबून बसलेला असतो. घासण्याने तो आधीच निघून जातो, पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा. जेलीफिश चिकटली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, समुद्राच्या पाण्यानेच धुवा.

वेळ असेल तर नेवरे, भंडारपुळे करत गणपतीपुळ्याला जा. देवदर्शनानंतर डोंगराची प्रदक्षिणा करा. डोंगर हाच गणपती मानला जातो, म्हणून देवळाला नाही तर सगळ्या डोंगराला फेरी. साधारण किलोमीटरभर वाट, काही भाग समुद्राला लागून. मालगुंडला केशवसुतांच्या घरी गेलात तर आवारात शांत बसायला जागा आहे. ऊन डोक्यावर येण्याआधी रत्नागिरीला परत फिरा.

तृतीया: दक्षिणेकडचे खडक

शेवटची सकाळ मी गणेशगुळ्यासाठी राखते. भाट्याचा पूल, फणसोप, गोळप, मग पावस आणि तिथून खाली गणेशगुळे. 'गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला' असं इकडे म्हणतात, ते हेच गुळे. देऊळ वर, पुळण खाली, आणि पुळणीच्या टोकाला खडक.

आठ-साडेआठला ओहोटी. अर्धा-पाऊण तास आधी खडकांशी पोचा, म्हणजे पाणी खाली जात असताना तुम्ही त्याच्या मागोमाग जाता. खडकांतल्या खळग्यांत पाणी साचलेलं असतं. एका खळग्यापाशी बसा, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका. आधी नुसता दगड आणि शेवाळ दिसतं. मग एक शंख चालायला लागतो, कारण त्यात खेकडा राहायला आलेला असतो. खळग्याच्या कडेला समुद्रफूल उघडलेलं असतं, बारीक पाकळ्या हलवत. फूल म्हणतात, पण तो प्राणी आहे, बोट लावू नका. उचललेला दगड होता तसाच, त्याच बाजूवर परत ठेवा. उलटा ठेवलात तर खालच्या बाजूचं सगळं उन्हात मरतं. रिकामे शिंपले दोन-चार घ्या. प्रवाळ आणि समुद्रकाकडी यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना हातही नको.

आणि परतायची वेळ ठरवूनच खडकात शिरा. ओहोटीची वेळ झाली की उलट फिरा, आणखी एक खळगा म्हणून थांबू नका. मी एकदा थांबले होते. खळग्यात एक छोटा अष्टपाद दिसला आणि मी कितीतरी वेळ त्याच्यामागे घालवला. मान वर केली तेव्हा पुळण आणि माझ्यामध्ये कमरेएवढं पाणी होतं. मग करवंदीच्या जाळीतून कातळावर चढून, हातपाय ओरबाडून घेत सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, निघाले. आंब्याच्या बागेतल्या राखण्याने पाणी दिलं आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेकडेने पाखाडीपर्यंत, म्हणजे गावच्या पायवाटेपर्यंत, आणून सोडलं. आत्याने जखमा धुताना एकच विचारलं, "भरती किती वाजता लागणार होती?" मला सांगता आलं नाही.

तिथून पूर्णगडला जा. मुचकुंदीच्या खाडीमुखावरचा लहानसा किल्ला. गावातून चढून वर गेलं की मारुती, मग दरवाजा, आत मोकळी जागा, आणि पलीकडे समुद्राकडे उघडणारा दुसरा दरवाजा. अर्ध्या तासात होतो. त्या समुद्राकडच्या दरवाज्यात वारा खात आणखी अर्धा तास बसायचं. समोर खाडीपलीकडे गावखडीची पुळण आणि सुरूचं बन दिसतं. हिवाळ्यात तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि वनखातं स्थानिकांच्या मदतीने घरटी जपतं. पिल्लं सोडायची वेळ जुळून आली तर जरूर बघा, पण आखून दिलेल्या रेषेमागे उभं राहून, फ्लॅश आणि टॉर्च बंद ठेवून.

परतताना पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन घ्या. दुपारच्या वेळी पोचलात तर खिचडीचा प्रसाद मिळतो. पान पुसून खावं इतकी ती चवीची असते. बरोबर वयस्कर माणसं असतील तर खडक आणि किल्ला सोडा. गणेशगुळ्याच्या देवळात त्यांना बसवा आणि थेट पावसला या.

स्टेशनवर जाण्याआधी रामआळीत आंबापोळी, फणसपोळी आणि कोकम घ्यायला अर्धा तास हाताशी ठेवा. आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, घेणार असाल तर बाटलीचं झाकण मेणाने किंवा चिकटपट्टीने बंद करून मागा आणि बाटली कपड्यांच्या पिशवीत ठेवू नका. गाडीत बसल्यावर पुढच्या पौर्णिमेची तारीख बघून ठेवायला विसरू नका; तिचं आरक्षण उघडलेलं असतं.